नाव घेणं

क्लिनर चौसाळ्यात चहाला उतरला
आणि दोन हजारांची उचल घेऊन गेला तो गेलाच.
म्हणून मी चढले केबिनीत, एका खेपेपुरती.
त्याला या दिवाळीत सात वर्षं होतील.

जालन्याची सळई, वीस टन.
शहागडचा पूल, गेवराई, बीड,
मांजरसुंब्याचा घाट, येरमाळा, तुळजापूर,
नळदुर्गाला डावीकडं वळलं की हैदराबादचा रस्ता.
ते गावं ओळखतात ढाब्यांवरून.
मी ओळखते, कुठल्या पंपावर बायकांचा संडास आहे,
कुठल्या संडासाला कुलूप आहे,
किल्ली कुणाच्या खिशात, आणि किल्ली देताना
तो पोरगा कुठं बघतो.
एका पंपाच्या आधी वीस किलोमीटर
मी पाणीच पीत नाही.

पहिल्याच खेपेला उमरग्यात
गाडी मागं घ्यायची होती.
मागं टपरी, बाजूला गटार, वर अंधार.
मी खाली उतरून ओरडत होते, "अहो! अहो!"
तिथं अकरा ट्रक उभे, अकराही अहो.
दोघांनी काचेतून डोकं बाहेर काढलं,
आमचे सोडून.
टपरीचा पत्रा चेपला. तीनशे रुपये मोजले.
जेवताना ते म्हणाले, ठेचा चाटत,
"नावानं हाक मार.
इंजिनाला अहो ऐकू येत नसतं."

नाव घेतलं होतं एकदाच,
वरातीहून आल्यावर, बायका दार अडवून उभ्या होत्या तेव्हा,
चांदीच्या वाटीचं काहीतरी पुढं जोडून, घाईत.
त्यानंतर सोळा वर्षं हे, ते, शिवकांताचे पप्पा.
आणि मी त्यांची "ए".

दुसऱ्या खेपेला, जहिराबादच्या गोदामात,
मागच्या चाकापाशी उभी राहिले,
एका हातात बॅटरी, एका हातात लाकडी ओट,
डोळे मिटले, आणि
लिंबाजी!
पत्र्याच्या छताला आपटून परत आला आवाज.
लिंबाजी, येऊ दे! लिंबाजी, डावीकडं काट!
लिंबाजी, बस्स!
भिंत वीतभर राहिली.
हमाल हसायला लागले. मलाही हसू आलं,
पदर तोंडाला लावायला हात मोकळा नव्हता.

आता लायसन माझंही आहे, धाराशिवचं.
टेस्टचा साहेब वाकून वाकून पायाकडं बघत होता,
ब्रेकपर्यंत पोचतात का.
पोचतात.
येरमाळ्यापासून मी चालवते, ते मागं झोपतात,
उमरग्याला उठतात, मग मी आडवी होते
त्यांच्या अंगानं तापलेल्या जागेवर,
उशीला त्यांच्या डोक्याचा खड्डा तसाच.
गादी एकच. वेळ एक नाही.

शिवकांता वसतिगृहातून फोन करते,
"मम्मी, पप्पा कुठंयत?"
"मागं."
"आणि तू?"
मी दगड बघून सांगते, नळदुर्ग बारा.
ती वहीत लिहून ठेवते म्हणे.
कशाला, ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात गाडी खाली होईना.
दोन दिवस रांगेत, इंजिन बंद.
सात वर्षांत पहिल्यांदा दोघं एकदम आडवे झालो,
त्यांचे गुडघे माझ्या पाठीत,
माझा केसांचा पिन सापडत नव्हता.
झोप कुणालाच येईना.
खालून काही थरथरत नव्हतं,
अंगाला कळेना रात्र झाली कशी म्हणायची.
मग अंधारात त्यांनी हाक मारली,
"अनुसया."
मागं भिंत नव्हती. डावीकडं गटार नव्हतं.
म्हणाले मी, "काय?"

"काही नाही.
इंजिन बंद असताना
ऐकू येतं का, बघितलं."